क्रांती : आभाळातून उतरलेला शब्द

मेच्या मध्यावर पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास अंगणात सरळ रोवलेल्या काठीची सावली आखडत आखडत बुंध्याशी येते आणि क्षणभर दिसेनाशीच होते. वर्तमानपत्रांत या दिवसाला ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. त्या दिवशी सूर्याची क्रांतीही साडेअठरा अंश असते.

क्रांतीच. सूर्य विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला किती सरकला, त्या अंतराचे हे जुने नाव. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला, तेव्हा हा शब्द गणित्यांच्या रोजच्या वापरातला होता. मूळ धातू ‘क्रम्’, म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. सूर्य एक रास ओलांडून दुसरीत जातो ती संक्रांत. घरात तिळगूळ येतो तो तिच्यामुळे, आणि नशीब फिरले की माणसावर ‘संक्रांत येते’ तीही हीच. या साऱ्यात राजसत्तेचा कुठे मागमूस नाही.

युरोपातही असेच होते. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्ये न्यूरेंबर्गला छापला गेला. ग्रंथाच्या नावात ज्या लॅटिन शब्दापासून ‘रेव्होल्यूशन’ आला तो शब्द आहे, आणि त्याचा अर्थ फेरी पुरी करून मूळ जागी येणे. म्हणूनच १६६० मध्ये इंग्लंडमध्ये राजेशाही परतली, तेव्हा काहींनी त्या परतीलाच रेव्होल्यूशन म्हटले. १६८८ मध्ये दुसऱ्या जेम्सला सिंहासन सोडावे लागले. आपले जुने हक्क जागेवर आले, असे तेव्हाही अनेकांना मनापासून वाटत होते.

त्याच्या एकच वर्ष आधी, १६८७ मध्ये, न्यूटनचा ‘प्रिन्सिपिया’ निघाला होता. चंद्राला आणि झाडावरून पडणाऱ्या फळाला नियम एकच! मग राजाला आणि प्रजेला वेगळे का? विल्यम आणि मेरी यांना मुकुट देणाऱ्या १६८९ च्या पार्लमेंटात न्यूटन स्वतः केंब्रिज विद्यापीठाचा प्रतिनिधी म्हणून बसला होता. पुढे १७२८ मध्ये त्याचा अनुयायी देझाग्युलिए याने कविताच लिहिली, आणि न्यूटनची विश्वरचना हाच राज्यकारभाराचा सर्वोत्तम नमुना, हे तिच्या शीर्षकातच सांगून टाकले.

१७८९ मध्ये पॅरिसने या शब्दातली परतीची वाट कायमची मोडली. मतदानाला गणित लावणारा कोंदोर्से त्या उलथापालथीत हिरिरीने उतरला आणि १७९४ मध्ये कैदेत मेला.

आपल्याकडे १९२१ मध्ये हसरत मोहानींनी ‘इन्किलाब झिंदाबाद’ ही घोषणा दिली. इन्किलाब म्हणजे उलटणे. अरबी खगोलशास्त्रात सूर्य उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून माघारी वळतो, त्या अयनबिंदूचेही हेच नाव. तीन भाषांतले तीन शब्द, तिन्ही सूर्य-ग्रहांच्या चालीशी बांधलेले. त्यांत मराठीने उचललेला शब्द अर्थाला सर्वांत जवळचा आहे, कारण त्यात माघार नाही, फक्त ओलांडणे आहे. ‘फ्रेंच राज्यक्रांती’ शाळेच्या पुस्तकात रुळली, साताऱ्याचे नाना पाटील ‘क्रांतिसिंह’ झाले, आणि मुंबईचे गोवालिया टँक ऑगस्ट क्रांती मैदान झाले.

९ ऑगस्ट १९४२ च्या सकाळी तिथे अरुणा असफ अली यांनी तिरंगा फडकावला. जुन्या अर्थाने त्या दिवशी सूर्याची क्रांती होती सुमारे १६ अंश उत्तर.