गुंडप्पा, डी. व्ही.
(१७ मार्च १८८७ – ७ ऑक्टोबर १९७५). कन्नड कवी, पत्रकार व विचारवंत. जन्म मुळबागल (कोलार जिल्हा) येथे. ‘मंकुतिम्मन कग्ग’ (१९४३) हा त्यांचा सर्वांत लोकप्रिय ग्रंथ. त्यातील ९४५ चौपदींत विश्वाची अथांगता आणि माणसाच्या मनातील भूक, मत्सर, संशय, समाधान यांचा एकत्रच विचार येतो. निसर्ग न्याहाळता न्याहाळता कवी अंतर्मुख होतो. बोलणारा मंदबुद्धी तिम्मा असल्याने तत्त्वज्ञान असूनही सूर प्रवचनी होत नाही, हे या काव्याचे खरे बळ. गद्यात त्यांनी समकालीनांची स्मृतिचित्रे रेखाटली. लोकसेवेत गोपाळ कृष्ण गोखले त्यांचे आदर्श. गोखल्यांच्याच नावाने त्यांनी १९४५ मध्ये बंगळूरला स्थापिलेली सार्वजनिक व्यवहारांच्या अभ्यासाची संस्था बसवनगुडीत आहे. साहित्य अकादमी पुरस्कार (१९६७) व पद्मभूषण (१९७४) हे सन्मान त्यांना लाभले.