चिबडलेले रान आणि नायट्रिक ऑक्साइड

गंगाखेडच्या आसपास गोदावरीकाठची जमीन काळी, भारी आणि चिकण. पावसाने आठवडाभर उघडीप दिली नाही की रान चिबडते आणि तूर, कपाशी, सोयाबीन पिवळी पडू लागतात. मुळाशी एवढे पाणी असताना झाड मलूल का होते, हा प्रश्न वर्गात कोणीतरी विचारतोच. शेतकरी एका शब्दात उत्तर देतो: वाफसा नाही. मातीत ओलही हवी आणि हवाही हवी, हे त्या शब्दात आलेच.

मातीच्या पोकळ्या पाण्याने भरल्या की ऑक्सिजन मुळांपर्यंत पोचत नाही. हवेच्या मानाने पाण्यातून तो सुमारे 10,000 पट हळू पसरतो. पेशीतल्या तंतुकणिका ऑक्सिजनच्या मदतीने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपीचे 30च्या आसपास रेणू मिळवून देतात. नुसत्या किण्वनातून मिळतात अवघे 2. मुळाची उपासमार होते ती अशी. या उपासमारीत नायट्रिक ऑक्साइड नावाचा एक साधा वायू काय करतो, हे कळायला मात्र दोनशे वर्षांहून अधिक काळ लागला.

वायू जुनाच. 1772 साली जोसेफ प्रीस्टलीने त्याचा उपयोग हवेचा 'चांगुलपणा' मोजण्यासाठी केला. पाण्यावर कोंडलेल्या हवेत हा रंगहीन वायू सोडला की तांबूस वाफा होतात, त्या पाण्यात विरघळतात आणि आकारमान घटते. घट जितकी जास्त तितका ऑक्सिजन जास्त. इंगेनहूझने 1779 मध्ये, वनस्पती हवा शुद्ध करतात ती फक्त उजेडात, हे दाखवले तेही याच कसोटीवर. म्हणजे वनस्पतीने सोडलेला ऑक्सिजन ज्या वायूने मोजला, तोच वायू वनस्पती स्वतः तयार करते, याची त्या काळी कोणाला कल्पनाही नव्हती!

1979 साली अमेरिकेत क्लेपर यांनी तणनाशक फवारलेल्या सोयाबीनमधून हा वायू बाहेर पडतो असे नोंदवले. फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे प्राण्यांच्या रक्तवाहिन्या सैल करणारा निरोप्या म्हणून त्याची कीर्ती झाली आणि 1998 मध्ये फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी वनस्पतींच्या रोगप्रतिकारातही त्याचा हात असल्याचे शोधनिबंध आले. मग प्राण्यांसारखे विकर वनस्पतींत शोधण्याची धांदल उडाली. 2003 मध्ये ते सापडल्याचे जाहीर झाले, पण पुढे तो दावा टिकला नाही. प्राण्यांची वाट वनस्पतींवर लादण्याची घाई झाली, असे आम्हांला वाटते.

उत्तर मुळातच होते, दोन्ही अर्थांनी. मिलर आणि डे यांनी 1996 मध्ये दाखवले की नायट्रिक ऑक्साइड तंतुकणिकांतील सायटोक्रोम ऑक्सिडेज या विकराला अडवतो, पण वनस्पतींकडे असलेल्या पर्यायी ऑक्सिडेजला अडवत नाही. सुरणाच्या कुळातील काही फुलोरे तापतात ते याच पर्यायी विकरामुळे. 2005 मध्ये गुप्ता, स्टोइमेनोव्हा व कायझर यांना आढळले की ऑक्सिजन नसताना मुळांच्या तंतुकणिका नायट्राइटपासून हा वायू बनवतात. पानांच्या बनवत नाहीत. 2007 मध्ये जव आणि भात यांच्या मुळांतील तंतुकणिकांनी ऑक्सिजनविना, नायट्राइटच्या बळावर थोडेसे एटीपीही बनवून दाखवले. यातील कपुगंती जगदीश गुप्ता पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जीनोम संशोधन संस्थेत काम करू लागले.

चित्र असे दिसते: नायट्रेटचे नायट्राइट होते, नायट्राइटचा नायट्रिक ऑक्साइड. तो सायटोक्रोम ऑक्सिडेजवर बसून उरलासुरला ऑक्सिजन जपून वापरायला लावतो. मुळांतले हिमोग्लोबिन (होय, वनस्पतींतही असते, आणि फक्त द्विदलांच्या गाठींतच नव्हे) त्याचे पुन्हा नायट्रेट करते. वायू फार साठला तर मात्र तोच पेशीला मारक ठरतो.

सोडियम नायट्रोप्रुसाइड देऊन रोपे तगवल्याचे प्रयोग पुष्कळ आहेत. त्यांकडे जरा जपून पाहावे, कारण त्या क्षारातून सायनाइडही सुटते, आणि तेही सायटोक्रोम ऑक्सिडेजलाच अडवते. भारी रानासाठी रुंद वरंबा-सरी पद्धतीची शिफारस केली जाते ती वेगळ्या कारणाने: वरंब्यावरचे पाणी सरीत उतरते, आणि मुळांभोवतीच्या पोकळ्या हवेला मोकळ्या होतात.