पुरुषांमधील स्तनवृद्धी

पुरुषाच्या एका किंवा दोन्ही स्तनांतील ग्रंथींची जी सौम्य, म्हणजे कर्करोगाची नसलेली, वाढ होते तिला पुरुषांमधील स्तनवृद्धी (गायनेकोमास्टिया) असे म्हणतात. नवजात अर्भके, वयात येणारे मुलगे आणि वृद्ध पुरुष यांच्यात ती विशेषत्वाने आढळते. लठ्ठपणामुळे छातीवर केवळ चरबी साठली असल्यास तिला आभासी स्तनवृद्धी म्हणतात.

कारणे

इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही दोन्ही संप्रेरके प्रत्येक पुरुषाच्या शरीरात असतात. इस्ट्रोजेनमुळे स्तनग्रंथी वाढते, तर टेस्टोस्टेरॉन त्या वाढीला आवर घालते. हा समतोल ढळला की स्तनवृद्धी होते.

अर्भकांत ही वाढ आईकडून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे होते व काही आठवड्यांत ओसरते. वयात येताना संप्रेरकांचे प्रमाण काही काळ अस्थिर राहते. त्यामुळे झालेली वाढ बहुतेक मुलांत सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप नाहीशी होते. उतारवयात टेस्टोस्टेरॉन घटते आणि शरीरातील मेद वाढतो. मेदपेशींतील ॲरोमाटेज हे विकर टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करीत असल्याने समतोल आणखी बिघडतो.

यकृताचा सिऱ्होसिस, मूत्रपिंडे निकामी होणे, थायरॉइड ग्रंथीची अतिक्रियाशीलता, वृषणांतील गाठी आणि क्लाइनफेल्टर संलक्षण (४७, एक्सएक्सवाय) ही आजारांशी निगडित कारणे होत. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात वृषणांना इजा पोहोचल्यानेही स्तनवृद्धी होऊ शकते.

स्पायरोनोलॅक्टोन, सिमेटिडीन, कीटोकोनॅझोल, फिनास्टेराइड तसेच प्रोस्टेटच्या कर्करोगावरील बायकॅल्युटामाइड या औषधांमुळेही ही वाढ होते. स्नायू पिळदार करण्यासाठी वैद्यकीय सल्ल्याविना घेतली जाणारी ॲनाबॉलिक स्टेरॉइडे हेही एक कारण आहे.

लक्षणे व निदान

स्तनाग्राच्या बरोबर मागे चकतीसारखी, रबरासारखी लवचीक व हलणारी गाठ हाताला लागते. कधीकधी ती दुखते. आभासी स्तनवृद्धीत अशी चकती लागत नाही.

टणक, एकाच बाजूची व स्तनाग्रापासून दूर असलेली गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव, आत ओढले गेलेले स्तनाग्र किंवा काखेतील गाठी ही कर्करोगाची लक्षणे असू शकतात. स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी पुरुषांतील कर्करोगाचे प्रमाण सुमारे एक टक्का आहे. तथापि पुरुषाला हा रोग होतच नाही या समजुतीमुळे निदानास विलंब होतो.

डॉक्टर रुग्ण घेत असलेल्या औषधांची चौकशी करतात व वृषणांची तपासणी करतात. आवश्यकतेनुसार रक्तातील संप्रेरके, यकृत, मूत्रपिंड व थायरॉइड यांच्या चाचण्या, सोनोग्राफी वा मॅमोग्राफी केली जाते.

उपचार

वयात येणाऱ्या मुलांना बहुधा उपचारांची गरज नसते. धीर देणे व ठरावीक काळाने तपासणी करणे पुरते. औषध कारणीभूत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबवतात किंवा बदलतात. रुग्णाने ते परस्पर बंद करणे धोक्याचे असते. मूळ आजारावर उपचार केल्यास सूज उतरू शकते.

वाढ नवी व वेदनादायक असेल तर टॅमॉक्सिफेन हे औषध दिले जाते. सुमारे एक वर्षानंतर ग्रंथीत तंतुमय ऊती तयार होतात आणि औषधांचा उपयोग फारसा होत नाही. अशा वेळी शस्त्रक्रियेने ग्रंथी काढतात. सोबत चरबी असल्यास ती शोषून घेतात (लायपोसक्शन). अशा शस्त्रक्रियेचे वर्णन सातव्या शतकातील बायझंटाइन वैद्य पॉल ऑफ एजिना याच्या ग्रंथात आढळते. आभासी स्तनवृद्धीत वजन कमी करणे हा मुख्य उपाय होय.

मानसिक व सामाजिक परिणाम

शाळेतील चेष्टेमुळे मुले पोहणे, खेळ किंवा सर्वांसमोर कपडे बदलणे टाळू लागतात व एकलकोंडी होतात. ही वाढ म्हणजे पौरुषाचा अभाव, असा गैरसमज रूढ असला तरी निरोगी मुलांतही ती सर्रास आढळते. संकोचापोटी ती लपवल्यास किशोरवयीन मुलगा विनाकारण मनस्ताप भोगतो, तर प्रौढ पुरुषाच्या बाबतीत यकृताचा वा वृषणाचा आजार वेळीच ध्यानात येण्याची संधी हुकू शकते.