वजनकाट्यातून निसटलेली चरबी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाडीतील पोषणाचे काम पूरक आहार आणि वाढीचा तक्ता, म्हणजे वयानुसार वजन दाखवणारा आलेख, यांवरच मुख्यतः उभे राहिले. उपासमारीच्या काळात ते स्वाभाविकही होते. या मोजमापाच्या मर्यादा उघड झाल्या त्या पुण्यात. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील स्त्रियांचा गर्भधारणेच्या आधीपासून मागोवा घेतला आणि नवजात बाळांच्या वजन-लांबीबरोबरच खांद्याच्या फऱ्याखालील त्वचेची घडी चिमट्यासारख्या कॅलिपरने मोजली, कारण त्या घडीवरून त्वचेखालील चरबीचा अंदाज बांधता येतो. या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. स्नायू आणि पोटाचा घेर बराच कमी असला, तरी चरबी त्या मानाने फारशी घटलेली नव्हती. दिसायला हडकुळे, पण शरीररचनेने मेदप्रवण असे हे बाळ पुढे मधुमेहाच्या वाटेवर जाण्याची शक्यता अधिक, असा तर्क त्यातून पुढे आला. मातेने एकूण किती उष्मांक घेतले यापेक्षा दूध, पालेभाज्या व फळे किती वेळा खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी अधिक स्पष्ट संबंध आढळला, आणि पोटभर भाकरीलाच पोषण मानणाऱ्या धोरणाला हा निष्कर्ष अडचणीचाच होता. पुढे त्याच बाळांना किशोरवयात, म्हणजे स्वतः आईबाप होण्याआधी, ब-१२ जीवनसत्त्व देऊन पुढच्या पिढीवरील परिणाम तपासण्याचा प्रयोग २०१२ मध्ये त्याच गावांत सुरू झाला.