आधी प्राध्यापक, मग कर्णधार

अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलच्या जडणघडणीत अमोस अलोन्झो स्टॅग यांचे नाव पहिल्या काही नावांत येते. येल विद्यापीठात ते धर्मशास्त्र शिकायला गेले आणि तिथल्या संघातून खेळताना १८८९ च्या पहिल्या अखिल अमेरिकी संघात निवडले गेले. शिकागो विद्यापीठ १८९२ मध्ये सुरू झाले तेव्हा स्टॅग यांची तिथे शारीरिक शिक्षणाचे प्रमुख म्हणून प्राध्यापकांच्या श्रेणीत नेमणूक झाली. खेळ शिकवणाऱ्याला विद्वानांच्या पंगतीत बसवणारी ही घटना त्या देशातही नवी होती. त्याच १८९२ मध्ये, १४ जानेवारीला, दिनकर बळवंत देवधर यांचा जन्म झाला. पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे हे प्राध्यापक पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेट संघाचे कर्णधार झाले. शिकागोत खेळाच्या गुरूला प्राध्यापकपद मिळाले, पुण्यात प्राध्यापकच खेळाचा गुरू झाला. या उलट्या क्रमातच देवधरांच्या कार्याचे मोल आहे, असे मला वाटते.

देवधरांची कहाणी बहुधा हुकलेल्या संधीची म्हणून सांगितली जाते. डिसेंबर १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एमसीसी संघाविरुद्ध मुंबईच्या जिमखान्यावर अखिल भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा काढल्या. भारतीय फलंदाज इंग्लंडच्या नामवंत गोलंदाजांना पुरून उरतात, हे त्या मोसमात सी. के. नायडू यांच्या १५३ धावांइतकेच या खेळीनेही दाखवून दिले. भारताने पहिली कसोटी खेळली ती १९३२ मध्ये. तोवर देवधरांनी चाळिशी गाठली होती, आणि कसोटीची टोपी त्यांना कधीच मिळाली नाही. ही हळहळ खोटी नाही, पण तिच्यामागे त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध झाकला जातो. खेळाडूची कारकीर्द जिथे संपते असे आपण धरतो, तिथून पुढे त्यांनी संघ उभा केला.

रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला. त्याच्या पहिल्या काही वर्षांत मुंबईचा दबदबा होता आणि नवानगर, बडोदा यांसारख्या संघांना संस्थानिकांचे पाठबळ होते. पुण्याकडे मुंबईचा पैसा नव्हता की बडोद्याचा दरबार नव्हता. तरीही देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा करंडक जिंकला. पहिल्या वेळी पुण्यातच संयुक्त प्रांताचा पराभव झाला, तर दुसऱ्या वेळी मद्रासला जाऊन मद्रासला हरवले. सांगलीच्या विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या त्या याच काळात, याच संघातून. मुंबईविरुद्ध कर्णधाराने स्वतः २४६ धावा केल्या तेव्हा त्यांचे वय ४८ होते. पुढे ५२ व्या वर्षी नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी १०५ आणि १४१ अशी दोन शतके ठोकली. तरुणांकडून जी चिकाटी हवी, ती कर्णधार आधी स्वतःच्या बॅटने दाखवत होता. संस्कृतच्या वर्गात शिक्षक आधी श्लोक म्हणतो आणि मुले मागून म्हणतात, तशीच ही शिकवण होती.

यावर एक रास्त आक्षेप येईल. हजारे यांना घडवण्यात जतचे राजे विजयसिंहराव डफळे यांचाही वाटा आहे. ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट यांना त्यांनीच जतला आणवले. म्हणजे राजाश्रय होताच. हे खरे आहे आणि ते श्रेय जतला द्यायलाच हवे. मात्र ग्रिमेट यांच्यासारखा गुरू एका खेळाडूचे तंत्र घडवतो, अकरा जणांनी मिळून मुंबईला कसे सामोरे जायचे हे ठरवणे हे वेगळे काम आहे. दुसरा आक्षेप असा, की कर्णधार म्हणजे प्रशिक्षक नव्हे. आजच्या अर्थाने नव्हेच. पण प्रशिक्षणाचा अमेरिकी पेशाही तेव्हा देशात आलेला होता. स्टॅग यांनी जिथे सुरुवातीची दोन वर्षे काम केले, त्या स्प्रिंगफील्डच्या संस्थेतून शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले. क्रिकेटमध्ये मात्र संघाची निवड, डावपेच आणि नवख्यांचे मन घडवणे हे सारे कर्णधाराच्याच अंगावर असे. देवधरांनी हा भार पेलला तो पगारी प्रशिक्षक होऊन नव्हे, शिक्षक राहूनच.

दोन्ही वाटांची परीक्षा एकाच मोसमात झाली. स्टॅग यांना १९३२ मध्ये सत्तरीच्या नियमानुसार शिकागो सोडावे लागले, आणि अभ्यासाला खेळ जड होतो या विचाराने विद्यापीठाने १९३९ च्या अखेरीस आपला फुटबॉल संघच बंद केला. त्याच हिवाळ्यात पुण्याचा संघ पहिल्या करंडकाकडे निघाला होता. यावरून स्टॅग उणे ठरत नाहीत. ते चौऱ्याऐंशीव्या वर्षापर्यंत दुसऱ्या महाविद्यालयात शिकवत राहिले आणि १०२ वर्षे जगले. देवधरही १९९३ मध्ये १०१ वर्षे पूर्ण करूनच गेले. फरक आहे तो पायाचा. शिकागोत मैदान इतके मोठे झाले की वर्गाला त्याची धास्ती वाटू लागली. पुण्यात मैदानाची शिस्त वर्गातून आली, म्हणून दोहोंत वैर आले नाही. १९७३-७४ पासून देवधरांच्या नावाने करंडक खेळला जाऊ लागला. त्यांचे नाव घेताना न मिळालेल्या कसोटीच्या टोपीपेक्षा त्यांनी उभा केलेला संघ आधी आठवला, तर त्यांना न्याय मिळेल.