गुऱ्हाळाचे धुराडे आणि संगणकाचा पंखा

मार्च उजाडला की साताऱ्याच्या माण-खटावात आणि सांगलीच्या जत-आटपाडीत शाळा सकाळची होते. पत्र्याखालच्या वर्गात दुपारी मुलांना बसवत नाही, हे आपल्या बापजाद्यांच्या काळापासून ठाऊक असलेले शहाणपण. शाळेतल्या संगणकाच्या वाट्याला मात्र हे शहाणपण फारसे येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने या दुष्काळी पट्ट्यातील एका माध्यमिक शाळेत गेलो होतो. संगणक कक्षात आठ संगणक होते. त्यांपैकी पाच सुरू केल्यापासून अर्ध्या तासात आपोआप बंद पडत. विज्ञानाचे शिक्षक म्हणाले, "सर, यंदा ही पाचही निर्लेखनाच्या यादीत घातलीत. एसी बसवा म्हणतात, पण तेवढा पैसा आणायचा कुठून?" निर्लेखन म्हणजे दप्तरातून काढून भंगारात. दीडशे मुलांना मग तीनच संगणक उरणार होते.

त्या पाच संगणकांचे काय झाले ते शेवटी सांगतो. त्यांचे दुखणे मात्र नवे नव्हते. संगणक जन्मल्यापासून ते त्याला जडलेले आहे, म्हणून आधी थोडा इतिहास पाहू.

नळ्यांचा काळ

विजेचा दिवा काही वीज प्रकाशात बदलतो, पंप काही वीज पाणी चढवण्यात खर्च करतो. संगणक पाणी उपसत नाही की ओझे उचलत नाही. त्यात शिरलेली जवळजवळ सगळी वीज अखेर उष्णता होऊनच बाहेर पडते. शंभर वॅट घेणारा संगणक हा शंभर वॅटचा हीटरच असतो, आकडेमोड हे त्याचे जोडकाम!

अमेरिकेत १९४६ साली जाहीर झालेल्या एनियाक या संगणकात सुमारे १८ हजार निर्वात नळ्या होत्या आणि तो सुमारे १५० किलोवॅट वीज घेई. एवढी उष्णता बाहेर काढण्यासाठी त्याला मोठमोठे पंखे लावावे लागले होते. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी असाच एक संगणक स्वतः बांधला. तो १९६० साली कामाला लागला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे नाव 'टिफ्रॅक' ठेवले. त्यात सुमारे २७०० नळ्या होत्या. एका नळीची तार तापवायला सरासरी दोन वॅट लागतात असे धरले, तरी नुसत्या तारा तापवण्यात पाच किलोवॅटहून अधिक वीज जाई. म्हणजे एक-एक किलोवॅटच्या पाच शेगड्या एकाच खोलीत दिवसभर पेटत्या! मुंबईच्या दमट हवेत अशा यंत्राला गार ठेवणे हे गणित सोडवण्याइतकेच महत्त्वाचे काम होते.

नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, मग चिप आली. प्रत्येक वेळी वाटले की उष्णतेचा प्रश्न सुटला, आणि प्रत्येक वेळी माणसाने तेवढ्याच जागेत आणखी घटक कोंबले. १९७६ चा क्रे-१ हा महासंगणक सुमारे ११५ किलोवॅट वीज घेई आणि त्याच्या चौकटीत नळ टाकून शीतकपाटातल्यासारखे फ्रेऑन खेळवलेले असे. १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर परिपथांचे तक्ते सरळ एका वीजरोधक द्रवात बुडवून ठेवले होते.

असले महासंगणक आपल्याला विकताना अमेरिकेने आडकाठी घातली. त्यानंतर १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था सुरू झाली आणि डॉ. विजय भटकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ साली परम ८००० उभा केला. त्यांनी एका अतितप्त, अतिवेगवान प्रक्रियकाच्या मागे न लागता ट्रान्सप्यूटर नावाचे अनेक साधे प्रक्रियक एकत्र कामाला जुंपले. तसे करण्याचे मुख्य कारण उष्णता नव्हते, हाताशी काय मिळते हे होते. पण या मार्गात उष्णता एका जागी न साठता विखुरते, हा लाभ आपोआप पदरात पडतो. पुढे साऱ्या जगाला त्याच वाटेने जावे लागले.

पंखा नको म्हणणारे

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून देशातल्या सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो हा छोटा संगणक आला. त्याला पंखा नव्हता. उष्णता बेताची, पेटीला झरोके भरपूर, तेव्हा हवा आपली आपण फिरे आणि काम भागे.

याच काळातले उलटे उदाहरण अ‍ॅपल-३ या संगणकाचे. १९८० साली तो बाजारात आला. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा नाही, आणि झरोकेही जवळजवळ नाहीत. उष्णता ॲल्युमिनियमच्या जाड तळातून निघून जाईल असा हिशेब होता. प्रत्यक्षात आतले घटक दाटीने बसवलेले, त्यात तापणे आणि निवणे. चिप आपल्या खोबणीतून सैल होऊ लागल्या. यंत्र टेबलावरून काही इंच उचलून खाली सोडा, म्हणजे चिप पुन्हा बसतील, असा सल्ला कंपनीच्या लोकांनी दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. यंत्र स्वस्त नव्हते आणि ते बांधणारेही अडाणी नव्हते. हवेला वाट ठेवायची तेवढी राहून गेली होती.

टेबलावरच्या संगणकातील प्रक्रियक १९८० च्या दशकात बहुधा उघडाच असे. १९९३ च्या पेंटियमने सुमारे १५ वॅट उष्णता सोडायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्या डोक्यावर धातूच्या पात्यांचा उष्णताशोषक आणि त्यावर पंखा बसवणे नेहमीचे झाले. २००४ पर्यंत हा आकडा शंभर वॅटच्या पुढे गेला. बोटाच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यावर शंभर वॅट! त्याच वर्षी इंटेलने वेग आणखी वाढवणारी पुढची आखणी रद्द केली आणि एका चिपवर अनेक गाभे बसवण्याचा मार्ग धरला. वेगाची घोडदौड अडली ती मुख्यतः उष्णतेच्या भिंतीवर.

गुऱ्हाळावरचा धडा

आता आपल्या परिसरात येऊ. कराड-वाळव्याकडे गुऱ्हाळावर गेलेल्या मुलांनी चुलवाण पाहिलेले असते. एका तोंडातून चिपाड आत जाते, काहिलीखालून जाळ वाहतो आणि धुराड्यातून धूर बाहेर पडतो. धुराडे आठ मीटर उंच आणि त्यातील वायू २०० अंश सेल्सिअसच्या थोडा वर आहे असे धरा. आतला वायू हलका, बाहेरची हवा जड. या फरकातून सुमारे ३५ ते ४० पास्कल दाबाची ओढ निर्माण होते. जाळ घोंघावतो तो त्यामुळे.

वर्गात आपण सांगतो की गरम हवा वर जाते, म्हणून संगणकाला वर भोके पाडली की झाले. तोच हिशेब संगणकाच्या पेटीला लावून पाहा. उंची ४० सेंटिमीटर, आतली हवा बाहेरच्यापेक्षा १० अंशांनी गरम. ओढ येते जेमतेम ०.१६ पास्कल, म्हणजे धुराड्याच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी. पेटीतला साधा लहान पंखा मात्र २० ते ३० पास्कल दाब देऊ शकतो. म्हणजे पेटीत हवा कुठे जाईल हे पंखाच ठरवतो, अभिसरणाची ओढ त्याच्यापुढे नगण्य.

मग पंखे किती हवेत? एक घनमीटर हवा एका अंशाने तापायला सुमारे १२०० ज्यूल लागतात. १०० वॅट उष्णता हवेचे तापमान १० अंशांनी वाढवून बाहेर न्यायची असेल, तर सेकंदाला सुमारे ८ लिटर, म्हणजे साधारण अर्धी बादली हवा पुरते. ८ सेंटिमीटर व्यासाचा साधा पंखा मोकळ्यावर याहून अधिक हवा हलवतो. महाबळेश्वरला हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्के विरळ असते, तेव्हा तिथे थोडी अधिक हवा लागेल. पण तिथली हवा मुळातच गार असल्याने अडत नाही. थोडक्यात, एका पंख्यावर भागते. अट एकच: हवेला आत येण्याचे दार हवे, बाहेर जाण्याचे दार हवे, आणि मधली वाट तापलेल्या भागांवरून जायला हवी.

तासगावकडचे बेदाणा करणारे शेतकरी हे जाणतात. शेडमध्ये जाळीचे थरावर थर असतात, बाजू उघड्या असतात, वारा एका अंगाने शिरून दुसऱ्या अंगाने निघतो. जिथे वारा पोचत नाही तिथला माल ओला राहतो. संगणकात अशा कोपऱ्यात ओल नाही, उष्णता साठते.

खर्चाच्या क्रमाने उपाय

आधी बिनपैशाचे उपाय. पेटी टेबलाच्या बंद खणातून बाहेर काढावी, कारण खणात मागून निघालेली गरम हवाच पुढून पुन्हा आत जाते. मागची बाजू भिंतीपासून वीतभर दूर ठेवावी. पेटी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, म्हणजे केराची धूळ कमी शिरते. प्लॅस्टिकचे आवरण यंत्र निवल्यावरच घालावे. आतल्या वायरी सुतळीने बांधून वाटेतून बाजूला कराव्यात.

नंतर सफाई. वीजजोडणी काढून, बाजूचा पत्रा उघडून, मऊ ब्रश आणि सायकलच्या पंपाने धूळ काढावी. त्या वेळी पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत. उष्णताशोषकाच्या पात्यांत नमद्यासारखा थर बसलेला असतो, तो काढल्याशिवाय बाकी सगळे व्यर्थ. वीजपुरवठ्याची बंद पेटी मात्र उघडू नये. तिच्यातील धारित्रांत वीज साठून राहिलेली असू शकते.

त्यानंतर शे-दोनशे रुपयांचे उपाय. उष्णताशोषकाखालची लेपणी वाळली असेल तर पुसून नवी पातळ लावावी. पुढच्या बाजूला एखादा पंखा बसवावा, तो हवा आत घेणारा. मागचा बाहेर टाकणारा. दोन्ही बाहेर तोंड करून बसवले तर धूळ प्रत्येक फटीतून ओढली जाते. पुढच्या पंख्यावर मच्छरदाणीची जाळी लावता येते, पण ती दर आठवड्याला झटकावी. चोंदलेली जाळी हवेची वाटच बंद करते. बाजूचा पत्रा काढून टाकण्याचा मोह होतो. तसे केल्याने हवेची आखलेली वाट मोडते आणि धूळ दुप्पट शिरते.

एक मर्यादा लक्षात ठेवावी. कोणताही पंखा यंत्राला खोलीतल्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. म्हणून संगणकाचे तासही सकाळच्या शाळेत पहिले घ्यावेत.

आता ते पाच संगणक. ते टेबलांच्या बंद खणांत होते, टेबले भिंतीला टेकलेली, धूळ येऊ नये म्हणून खिडक्याही बंद. एका रविवारी शिक्षक आणि दहावीची चार मुले बसली. खण रिकामे केले, धूळ काढली, लेपणी बदलली. खर्च एका लेपणीच्या नळीचा. चार संगणक त्या दिवसापासून पूर्ण तास चालू लागले. पाचव्याचा प्रक्रियकावरचा पंखा जळला होता. तो बदलल्यावर तोही चालला. निर्लेखनाची यादी मागे घेतली गेली.

आपल्या शाळेत हा प्रयोग जरूर करावा. प्रयोगशाळेतले दोन तापमापी घ्या. एक पेटीच्या पुढच्या झरोक्याशी धरा, दुसरा मागच्या पंख्याशी. झरोक्याशी तलम कागदाची पट्टी धरून हवा कोणत्या दिशेने वाहते ते मुलांना पाहू द्या. दोन तापमानांतला फरक सफाईच्या आधी आणि नंतर मोजा, आणि वर दिलेल्या आकड्यावरून सेकंदाला किती लिटर हवा वाहते ते मुलांनाच काढायला सांगा. उष्णतेच्या धड्यातले अभिसरण फळ्यावरच्या आकृतीतून निघून त्यांच्या हाताला लागेल, आणि एखादे यंत्र भंगारात जाण्यापासून वाचेल.