जेजुरीच्या जत्रा

इतिहास म्हटला म्हणजे राजांच्या वंशावळी, लढाया आणि तह एवढेंच आपल्या डोळ्यांपुढें उभें राहतें. शाळेंतील पुस्तकें त्यांनींच भरलेलीं असतात, आणि त्यांत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु ज्यांच्या नांवानें सनद निघाली नाहीं, ज्यांच्या घरीं दफ्तर नव्हतें, त्या मेंढपाळांचा, कुंभारांचा, वडारांचा, कोळ्यांचा इतिहास कोठें शोधावयाचा? माझें उत्तर असें आहे कीं तो जत्रेंत शोधावा. जत्रा हें ह्या मंडळींचें दफ्तर होय. तें दर वर्षीं उघडतें, आणि मोठ्या आनंदानें वाचलें जातें. आज त्या दफ्तरांतील एकच पान, जेजुरीचें, आपणांपुढें वाचून दाखविण्याचा विचार आहे.

जेजुरी पुण्याच्या आग्नेयेस, सुमारें पन्नास किलोमीटरांवर, पुरंदर तालुक्यांत आहे. येथें खंडोबाचीं दोन ठाणीं आहेत. उंच डोंगरावरचें कडेपठार हें जुनें, आणि गांवालगतच्या टेकडीवरचा गडकोट हें मागाहूनचें. लोकगीतांत गडाला नऊ लाख पायऱ्या आहेत. मोजूं गेल्यास त्या कांहीं शेंच भरतात. पण वाटेवरच्या कमानी आणि दगडी दीपमाळा पाहत वर चढणाऱ्याला गीतकाराशीं भांडावेंसें वाटत नाहीं. मणि आणि मल्ल ह्या दैत्यांचें पारिपत्य करणारा मार्तंडभैरव तो हाच, असें माहात्म्यग्रंथ सांगतात. पायऱ्यांवर ज्याचा अखंड घोष चालतो त्या ‘येळकोट’ शब्दाचा उगम कानडींतील ‘एळु कोटि’, म्हणजे सात कोटी, ह्या शब्दांत आहे असें मानतात. कर्नाटकांत हा देव मैलार होतो, तेलुगु मुलखांत मल्लण्णा होतो. मुसलमान भक्तांनीं त्याला मल्लूखान म्हटलें. भाषांच्या सरहद्दी आपण नकाशावर आंखतों. देवाच्या घोड्याला त्या कधींच अडल्या नाहींत.

आतां जेजुरीचें वर्ष कसें असतें तें पाहूं. आपण ‘जेजुरीची जत्रा’ असें एकवचनानें म्हणतों, परंतु ती एक नाहीं. चैत्री पौर्णिमेला यात्रा भरते. अमावास्या सोमवारीं आली कीं देवाची पालखी गडावरून उतरून कऱ्हा नदीवर स्नानाला जाते. त्या दिवशीं उधळलेल्या भंडाऱ्यानें पायऱ्या, माणसें, झाडें, सारें पिवळें होऊन जातें. दसऱ्याच्या रात्रीं गडकोटाची आणि कडेपठाराची अशा दोन पालख्या निघतात, आणि दोन डोंगरांमधील रमण्यांत त्यांची भेट होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पानसे घराण्यानें अर्पण केलेला बेचाळीस किलो वजनाचा खंडा उचलण्याची चढाओढ लागते. कोणी तो एका हातानें आडवा तोलून धरतो, कोणी दांतांनीं उचलतो, आणि पाहणाऱ्यांच्या छातीचा ठोका चुकतो. मार्गशीर्षांत शुद्ध प्रतिपदेपासून सहा दिवसांचा उत्सव होऊन चंपाषष्ठीला तो संपतो. पौषी पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. माघी पौर्णिमेला मुंबई-कोंकणचे कोळी आपल्या पालख्या घेऊन घाट चढून येतात, आणि संगमनेरची होलमांची व सुप्याची खैऱ्यांची अशा उंच शिखरी काठ्या नाचवीत आणून देवळाच्या शिखराला लावल्या जातात.

ह्या यादींत एक गोष्ट ध्यानांत येण्यासारखी आहे. देव एकच, गड एकच. परंतु वर्षांतून ज्याची त्याची पाळी निराळी. माघांत कोळ्याचा मान, पौषांत भटक्या जमातींचा, दसऱ्याला गांवकऱ्यांचा. भांडण न होतां अनेकांनीं एकाच अंगणांत नांदावें कसें, ह्याची ही तोड आहे. ती कोणा राजानें फर्मान काढून केली असें दिसत नाहीं. ती हळूहळू, मानपानाच्या तक्रारींतून आणि समजुतींतून घडत गेली असली पाहिजे.

देवाच्या संसाराची जी कथा वाघ्ये गातात तींतहि हीच तोड आहे. खंडोबाची पहिली पत्नी म्हाळसा ही नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक. दुसरी बाणाई ही चंदनपुरीची धनगरीण. तिच्यासाठीं देव वेष पालटून मेंढ्या राखावयाला गेला, आणि पुढें दोघी सवतींचें कडाक्याचें भांडण झालें. त्याखेरीज माळीण, शिंपीण अशा आणखी बायका लोककथेनें त्याच्या पदरीं बांधल्या आहेत. आपल्यांतील कांहीं सोवळ्या मंडळींना ही कथा ऐकून संकोच वाटतो. पण डॉक्टर रा. चिं. ढेरे यांचा ‘खंडोबा’ हा १९६१ सालचा ग्रंथ, किंवा धनगरांच्या वाड्यांवर हिंडून आयुष्य वेंचलेल्या गुंथर सोंथायमर ह्या जर्मन पंडिताचें लेखन ज्यानें वाचलें, त्याचा संकोच दूर होईल. म्हाळसा ही पेठेची आणि शेताची. बाणाई ही रानाची आणि चराऊ कुरणाची. पेठ आणि रान यांना एकमेकांवांचून चालत नाहीं, आणि एकमेकांशीं पटतहि नाहीं. दख्खनच्या पठारावरचें हें जुनें सत्य लोकांनीं सवतींच्या भांडणांत सांगून ठेविलें. देवाच्या घरांत ज्याला सोयरीक मिळाली, त्याला जत्रेंत पायरी मिळाली.

आणि ज्याला पायरी मिळाली, त्यानें ती पुढें दगडांत बांधून काढली. मल्हारराव होळकर (१६९३ ते १७६६) हा धनगराचा मुलगा. स्वपराक्रमानें माळव्याचा धनी झाला, पण नांव मल्हारीचेंच राहिलें. गडकोटाच्या भक्कम बांधणींत होळकर घराण्याचा वांटा मोठा आहे. गडाखालचा तलाव त्यांचेंच नांव सांगतो. मेंढरें राखणाऱ्यांच्या कुलदैवताला चिरेबंदी कोट चढला, हें अठराव्या शतकांतील समाजांत काय उलथापालथ झाली त्याचें साक्षीपत्रच होय.

पौषी बाजाराचें थोडें विस्तारानें सांगितलें पाहिजे, कारण शहरांत त्याची थट्टाच अधिक होते. कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी, वैदू, कोल्हाटी हे लोक वर्षभर माती, दगड, विटा वाहत, किंवा आपली विद्या विकत, गांवोगांव फिरावयाचे. ह्यांना कायमचें घर नव्हतें, तेव्हां गांवच्या पेठेंत पत कशी असणार? त्यांची पेठ म्हणजे ही पौर्णिमा. गाढवाचा जबडा उघडून दांत पाहावयाचे, दांतांवरून वय ठरवावयाचें, वयावरून किंमत. सौराष्ट्रांतून येणाऱ्या काठेवाडी जनावराला भाव अधिक. व्यवहार उधारीचाहि होई, आणि पुढल्या पौषांत त्याच माळावर पैसे चुकते होत. ह्याच माळावर मुलामुलींच्या सोयरिकी ठरत, जातपंचायती बसत, वर्षभराचे तंटे तोडले जात. म्हणजे बाजार, न्यायालय, लग्नमंडप आणि तीर्थ, सारें एका चांदण्यांत! आतां माती उपसणारीं यंत्रें आलीं, मालमोटारी आल्या, आणि बाजार आकसत चालला आहे. जनावराच्या पाठीवरचें ओझें उतरलें ह्याचा खेद कोण करील? परंतु ज्या माणसाचें पोट त्या पाठीवर होतें त्याला दुसरें काम मिळालें कीं नाहीं, हा प्रश्न जत्रा आपल्यापुढें ठेवते, आणि तो टाळून पुढें जातां येत नाहीं.

ह्या सगळ्यांत तुमचा-आमचा, शहरांतल्या शिकलेल्या घरांचा, संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध जवळचा आहे. महाराष्ट्रांतील कितीतरी घरांत, ब्राह्मणांपासून धनगरांपर्यंत, खंडोबा हें कुलदैवत आहे. चातुर्मासांत वर्ज्य केलेलें वांगें ज्या दिवशीं पुन्हां पानांत येतें ती चंपाषष्ठीच. बाजरीचे रोडगे, भाजलेल्या वांग्याच्या भरताचा वास, ताम्हनांत खोबरें, सुपारी आणि भंडारा ठेवून पांच जणांनीं उचललेली तळी, हें सारें पुण्या-मुंबईच्या चाळींतूनहि अजून चालतें. पोरेंसोरें येळकोट करण्यासाठींच त्या दिवसाची वाट पाहतात. नवें लग्न झालें कीं जोडपें जेजुरीला जातें, आणि नवऱ्यानें बायकोला उचलून निदान पांच पायऱ्या चढावयाच्या, हा विनोदी आणि गोड रिवाज तर वकील-डॉक्टरांनाहि चुकत नाहीं. जत्रेचा आनंद तो हाच: सोवळें आणि चेष्टा, नवस आणि भेळभत्ता, एकमेकांना बिलगून असतात. हे दोन वेगळे काढूं गेलें तर दोन्ही कोमेजतात.

येथवर मी उजेडाची बाजू सांगितली. अंधाराचीहि सांगितली पाहिजे, नाहीं तर तो इतिहास होणार नाहीं. नवसापोटीं मूल देवाला वाहण्याची चाल ह्या दैवताच्या भक्तांत होती. वाहिलेला मुलगा वाघ्या होई, मुलगी मुरळी होई. वाघ्याला संसार करण्यास आडकाठी नव्हती. मुरळीचें लग्न मात्र देवाशीं लागलें म्हणून माणसाशीं होत नसे. हातांत घाटी घेऊन ती जागरणांत नाचे, लोक तिचें गाणें डोलत ऐकत, आणि जत्रा उठल्यावर तिच्या वांट्याला काय येई हें ठाऊक असूनहि कोणी बोलत नसे. बहुतेक मुली गरीब आणि अस्पृश्य गणलेल्या घरांतल्या असत. हजारोंच्या आनंदाची किंमत त्या पोरी भरीत होत्या.

हें थांबविण्याचा नेट कोणी लावला? पुण्याचे शिवराम जानबा कांबळे ह्यांनीं. हे स्वतः त्याच समाजांतले. १९०८ सालीं त्यांनीं ‘सोमवंशीय मित्र’ हें मासिक काढलें आणि मुरळीच्या चालीविरुद्ध लिहिण्याचा धडाका लावला. त्यांत एका मुरळीनें स्वतःची कर्मकथा स्वतः लिहून पाठविली, आणि पुढें तिचें रीतसर लग्नहि झालें. त्या काळीं अशी कथा आपल्या नांवानें छापावयाला देणें, ह्याला खंडा उचलण्याहून अधिक बळ लागलें असेल. विठ्ठल रामजी शिंदे यांनींहि ह्या चालीविरुद्ध आवाज उठविला. पुढें १९३४ सालीं मुंबई इलाख्यांत देवदासी-संरक्षणाचा कायदा झाला, आणि २००५ सालीं महाराष्ट्रानें अधिक कडक कायदा केला. आज जागरणाच्या फडांत मुरळी म्हणून गाणाऱ्या स्त्रिया आहेत. पण मुलगी देवाला वाहणें हा गुन्हा आहे.

आतां विचार करावा. मुरळी वाहणें बंद झालें म्हणून जत्रा बंद पडली काय? अंगांत लोखंडी आंकडे टोंचून लोंबकळण्याचा नवस सरकारी बंदीनें सुटला, म्हणून देवाचें कांहीं अडलें काय? भंडारा तसाच उधळतो, पालखी तशीच कऱ्हेवर जाते, गर्दी तर पूर्वींपेक्षां वाढलीच आहे. कोणी म्हणतात, जत्रा म्हणजे अडाण्यांचा गोंधळ, ती मोडावी. दुसरे म्हणतात, परंपरा आहे, तिच्या केसालाहि धक्का लावूं नये. दोघांनाहि जेजुरीचा इतिहास एकच उत्तर देतो. जत्रा मोडली असती तर धनगराची, कोळ्याची, वैदूची वर्षांतली एक मानाची पायरी गेली असती. आणि जत्रा जशीच्या तशी ठेविली असती तर आणखी किती मुलींचें आयुष्य त्या पायऱ्यांवर संपलें असतें. जी जत्रा टिकली, ती तिच्यांत वेळोवेळीं केर काढणारे निघाले म्हणून टिकली. आणि ते केर काढणारे पुष्कळदां जत्रेंतूनच निघाले.

केर काढण्याचें काम संपलें आहे असें मात्र नाहीं. हळदीच्या नांवावर भलतीच पिवळी पूड विकली जाते, ही तक्रार अलीकडे वारंवार ऐकूं येते. अरुंद पायऱ्यांवर गर्दी मावत नाहीं. महाराष्ट्रांतच, वाईजवळच्या मांढरदेवीला, २००५ सालच्या जानेवारींत भर यात्रेंत चेंगराचेंगरी होऊन अडीचशेंहून अधिक जीव गेले, हें विसरतां येण्यासारखें नाहीं. ह्या गोष्टींकडे लक्ष देणें म्हणजे श्रद्धेच्या आड येणें नव्हे. घरांत लग्नकार्य असलें म्हणजे आपण जिन्याचा कठडा हलवून पाहतों, पाणी गाळतों, दिवे तपासतों. जत्रा हें तर साऱ्या मुलखाचें कार्य आहे.

तेव्हां येत्या चंपाषष्ठीला तळी उचलतांना आपल्या मुलांना दोन गोष्टी अवश्य सांगाव्या. एक, हाच भंडारा कोळ्याच्या, धनगराच्या, कुंभाराच्या कपाळीं आज लागलेला आहे. आणि दुसरी, तो कपाळीं लावण्याचा आनंद निर्मळ राहावा म्हणून एका मासिकवाल्यानें आणि एका वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या मुरळीनें कोणे एके काळीं लोकांचा रोष पत्करला होता. मग भरीत-रोडगा वाढावा. तो अधिकच गोड लागेल.